भुऱ्या बटा आणि उजळवणारा शाम्पू

गेल्या वर्षी जुलै महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली. नववीच्या वर्गावर मराठीचा तास होता. दुसऱ्या बाकावरच्या मुलीचा स्कार्फ जरा मागे सरकला होता आणि कपाळावर आलेल्या दोन बटा खिडकीच्या उजेडात अगदी सोनेरी दिसत होत्या. ती आमच्या शाळेत नवीन होती. आदल्याच आठवड्यात शिक्षकांच्या बैठकीत मुलांच्या केसांचा विषय निघाला होता. चाकणच्या कंपन्यांत ठेक्यावर लागलेले मोठे भाऊ केस रंगवून येतात, त्यांचं पाहून शाळेतली मुलंही रंगवतात, हे बंद झालं पाहिजे, असं ठरलं होतं. मी शिकवणं थांबवलं आणि भर वर्गात विचारलं, "काय लावतेस केसांना?"

"काही नाही सर."

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "सर, तो नवा शाम्पू आलाय ना, केस गोल्डन करायचा." वर्ग हसला. ती म्हणाली, "सर, जन्मापासून असेच आहेत." मी ऐकलं नाही. "सोमवारी येताना काळे करून ये," असं सांगून मी पुढचा परिच्छेद वाचायला घेतला.

सोमवारी ती केस काळे करून आली. स्कार्फ भुवयांपर्यंत ओढलेला होता. कपाळ लाल झालं होतं आणि दोन्ही पापण्या इतक्या सुजल्या होत्या की फळ्याकडे बघताना तिला मान वर करावी लागत होती. घराजवळच्या बाजारातून नाव-गाव नसलेली सुटी पुडी आणून आईने ती लावून दिली होती. सरांनी सांगितलं होतं ना.

त्या दिवशी तिला दवाखान्यात पाठवलं, औषधाने दोन दिवसांत सूज उतरली. मात्र आठवड्याने तिची आई शाळेत आली, ती तक्रार करायला नव्हे. तिने पिशवीतून एक बाटली काढली. त्यावर सोनेरी केसांच्या बाईचं चित्र होतं. "सर, आप पढे-लिखे हो. ये शाम्पू लगाई तो पहले का रंग वापस आता क्या?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या शाम्पूचा आरोप मी त्या मुलीवर ठेवला होता, तो काय करू शकतो आणि काय नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, रसायनशास्त्र नाही. पण प्रश्न माझ्या अंगावर आला होता, म्हणून वाचायला बसलो. वाचता वाचता कळलं की हा प्रश्न फार जुना आहे.

केसांसाठीचा साबण

रोमन लेखक प्लिनी इसवी सन 79 मध्ये वारला. त्याच्या निसर्गावरच्या प्रचंड ग्रंथात 'सापो' नावाच्या एका पदार्थाची नोंद आहे. गॉल लोकांनी, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या टोळ्यांनी, चरबी आणि राख एकत्र करून तो बनवला होता. पण त्याचा उपयोग प्लिनी अंग धुण्यासाठी सांगत नाही. तो सांगतो, केसांना तांबूस-सोनेरी छटा आणण्यासाठी. आणि जर्मन टोळ्यांत बायकांपेक्षा पुरुषच तो जास्त वापरतात, असंही म्हणतो. मार्शल नावाचा रोमन कवीसुद्धा केसांचा रंग बदलणाऱ्या, उत्तरेकडून येणाऱ्या अशाच गोळ्यांचा उल्लेख करतो.

हाच 'सापो' शब्द पुढे युरोपच्या भाषांत पसरला. अरबीतला 'साबून' त्याच घराण्यातला. आपण उर्दूत साबुन म्हणतो, मराठीत साबण. आपल्याकडच्या रिठ्याच्या झाडाला वनस्पतिशास्त्रज्ञांनी 'सॅपिंडस' हे नाव दिलं, तेही याच शब्दावरून. त्याचा अर्थ भारतातला साबण. म्हणजे धुण्याच्या वस्तूने केसांचा रंग बदलेल, ही आशा आजच्या जाहिरातवाल्यांनी शोधलेली नाही. प्लिनीच्या नोंदीपासून ती साबणाला चिकटलेली आहे.

त्या साबणाने रंग खरंच बदलत असेल का? थोडासा बदलत असणार. राखेतला क्षार तीव्र असतो, तो केसाचं वरचं कवच उचकटतो आणि पुढचं काम ऊन करतं. पण ज्यांच्यावर हे चालायचं त्यांचे केस मुळातच भुरे किंवा पिंगट होते, हे विसरायचं नाही. मराठी माणसाच्या काळ्याभोर केसांवर राखेचा साबण घासला असता, तर केस राठ झाले असते, सोनेरी नाही.

कुर्तुबाचा खलीफा केस काळे करत होता

रंग बदलण्याची ओढ नेहमी एकाच दिशेने धावते, असंही नाही. अंदलुसचा, म्हणजे मुस्लिम स्पेनचा अब्दुर्रहमान तिसरा इसवी सन 912 मध्ये गादीवर आला आणि 929 मध्ये त्याने स्वतःला खलीफा म्हणून जाहीर केलं. त्याची आई आणि आजी दोघी उत्तरेकडच्या ख्रिस्ती मुलखातल्या. त्यामुळे त्याचा वर्ण गोरा, डोळे निळे आणि केस तांबूस-सोनेरी होते. पण तो उमय्या घराण्याचा अरब राजा होता आणि प्रजेला तो अरब दिसायला हवा होता. म्हणून तो दाढी काळी करत असे. पुढे इब्न हज्मने प्रेमावरच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात, 'तौक अल-हमामा'मध्ये, लिहून ठेवलं आहे की त्या घराण्यातल्या खलीफांना सोनेरी केसांच्या बायका आवडत आणि त्यामुळे त्यांची मुलंही बहुतेक तशाच रंगाची निपजली.

म्हणजे घरात सोनेरी केसांची आवड आणि दरबारात काळ्या केसांची गरज. केसांचा कोणता रंग चांगला, हे ज्या त्या काळाची सत्ता ठरवते. खलीफाला हे परवडत होतं. रंग लावणारे त्याच्या पदरी होते आणि निर्णय त्याचा स्वतःचा होता. माझ्या वर्गातल्या मुलीच्या बाबतीत निर्णय माझा होता आणि कपाळ तिचं.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मला जास्त टोचली. मक्का जिंकल्याच्या दिवशी हजरत अबू बकर (रजि.) यांचे वृद्ध वडील अबू कुहाफा यांना प्रेषितांसमोर (स.) आणलं गेलं. त्यांचं डोकं आणि दाढी पांढरीशुभ्र होती. प्रेषितांनी (स.) तो पांढरा रंग बदलायला सांगितला, पण काळा टाळा असंही सांगितलं. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. काळ्या रंगाबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत, तो वाद मी इथे घालत नाही. पण आमच्या मोहल्ल्यातल्या बुजुर्गांच्या केशरी दाढ्यांमागे ही परंपरा आहे आणि ती मी मुलांना अनेकदा सांगितली आहे. तोच मी एका पोरीला तिचे अल्लाहने दिलेले केस काळे करून ये म्हणून सांगत होतो.

मेंदी देते, घेत नाही

त्या केशरी दाढीतच अर्धं उत्तर दडलेलं आहे. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं एक रंगद्रव्य असतं. ते केसातल्या प्रथिनाला घट्ट चिकटतं. पांढऱ्या केसावर मेंदी केशरी दिसते, कारण खाली दुसरा रंगच नसतो. काळ्या केसावर तीच मेंदी उन्हात जेमतेम लालसर चमकते. मेंदी केसाला रंग देते, केसातला रंग काढून घेत नाही. काळ्या वहीवर केशरी खडूने लिहिलं तरी वही काळीच राहते.

केस उजळायचा, तर आतला रंग काढावा लागतो. केसाच्या बाहेर कौलांसारख्या एकमेकांवर बसलेल्या पारदर्शक खवल्यांचं कवच असतं. रंग त्या कवचाच्या आत, केसाच्या गाभ्यात असतो. त्याला मेलॅनिन म्हणतात आणि त्याचे मुख्य प्रकार दोन. एक काळा-तपकिरी, दुसरा पिवळा-तांबूस. काळ्या केसात पहिला ठासून भरलेला असतो. सोनेरी केसात तो फार थोडा असतो. साबण आणि शाम्पू कवचावरचं तेल आणि मळ धुतात. कौलं कितीही धुतली तरी घरातल्या भिंतींचा रंग उतरत नाही.

उन्हात बसणाऱ्या बायका आणि पॅरिसची बाटली

मग लोकांनी काय काय केलं? इब्न सीनाच्या 'अल-कानून'च्या चौथ्या ग्रंथात शेवटी जीनतीचं, म्हणजे शोभेचं प्रकरण आहे आणि त्यात केसांची निगा व रंग यांनाही जागा आहे. हा काही बायकांचा पोरकट छंद मानला जात नव्हता, हकिमांच्या अभ्यासाचा तो विषय होता.

सोळाव्या शतकात व्हेनिसमध्ये घरांच्या छपरांवर लाकडी माच्या असत. चेझारे वेचेल्योने 1590 मध्ये छापलेल्या पोशाखांच्या पुस्तकात तिथे बसलेल्या बाईचं चित्र आहे. डोक्यावर टोपी आहे, पण तिला वरचा भाग नाही, नुसती कड. केस मधल्या भोकातून वर काढून कडेवर पसरायचे, काठीला बांधलेल्या बोळ्याने त्यावर औषधी पाणी लावत राहायचं आणि भर उन्हात तासन् तास बसायचं. चेहरा सावलीत, केस उन्हात. केस उजळायचे ते मुख्यतः उन्हाने. आपल्याकडे शेतात राबणाऱ्या बाईच्या पदराबाहेर राहिलेल्या केसांची टोकं तांबूस पडतात, त्याचंही कारण तेच. फक्त त्या बाईचं चित्र कोणी पुस्तकात छापत नाही.

1818 मध्ये लुई तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हायड्रोजन पेरॉक्साइड शोधलं. दिसायला पाण्यासारखं, पण पाण्यापेक्षा त्यात ऑक्सिजन जास्त आणि तो सोडून द्यायला ते कायम तयार. हा ऑक्सिजन मेलॅनिन मोडतो. 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात लंडनचा रसायनविक्रेता थिले आणि पॅरिसचा केशरचनाकार ह्यूगो यांनी या द्रवाने केस उजळून दाखवले. द्रव अवघा तीन टक्क्यांचा होता. उन्हात न बसता काळे-तपकिरी केस उजळण्याचा मार्ग तिथून खुला झाला.

हे पेरॉक्साइड परदेशातली अद्भुत वस्तू नव्हे. आपल्या कल्याणला 1954 साली स्थापन झालेल्या नॅशनल पेरॉक्साइड कंपनीचा कारखाना आहे. तिथला माल मुख्यतः कापड आणि कागद पांढरा करायला जातो. आपल्या अंगावरचा पांढरा कुर्ता आणि मुलांच्या वहीचा पांढरा कागद ज्या रसायनातून येतो, त्यातूनच सलूनमधले सोनेरी केसही येतात.

पण पेरॉक्साइड आत पोहोचायचं तर कवच उघडावं लागतं. त्यासाठी सलूनवाले त्यात अमोनियासारखा क्षार मिसळतात, म्हणजे खवले फुगून वर येतात. मग ते मिश्रण अर्धा तास किंवा त्याहून जास्त केसांवर ठेवतात. काळे केस एका दमात सोनेरी होत नाहीत. आधी तांबडे, मग नारिंगी, मग पिवळे असे टप्पे लागतात. चौकाचौकात नारिंगी डोक्याची पोरं दिसतात, त्यांची गाडी दुसऱ्या टप्प्यावर थांबलेली असते. पुढे जायचे पैसे संपलेले असतात, किंवा केस तुटायला लागलेले असतात.

शाम्पू हा शब्द आपलाच

आता शाम्पूकडे येऊ. हा शब्द हिंदुस्थानी 'चांपो' वरून इंग्रजीत गेला. अर्थ होता दाब, रगड. डोक्याची चंपी त्याच कुळातली, आणि आपण थकलेल्या माणसाचे पाय चेपतो तो शब्दही कानाला जवळचाच वाटतो. हा शब्द इंग्लंडमध्ये गाजवला तो पाटण्यात 1759 मध्ये जन्मलेल्या शेख दीन मुहंमद यांनी. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालच्या फौजेतून ते आयर्लंडला गेले. 1794 मध्ये त्यांनी इंग्रजीत प्रवासवर्णन छापलं, 1810 मध्ये लंडनमध्ये हिंदुस्थानी कॉफी हाऊस काढलं आणि ते बुडाल्यावर ब्रायटनच्या समुद्रकिनारी वाफेच्या स्नानाचं आणि मालिशचं केंद्र चालवलं. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचे ते 'शाम्पूइंग सर्जन' होते. 1851 मध्ये ते वारले. त्यांच्या शाम्पूत केस धुणं मुख्य नव्हतंच, अंग रगडणं होतं. केस धुण्याचा अर्थ या शब्दाला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिकटला.

1903 मध्ये बर्लिनच्या हान्स श्वार्झकॉफने पाण्यात विरघळणारी शाम्पूची पूड पुडीतून विकायला काढली. 1934 मध्ये अमेरिकेत 'ड्रीन' आला. तो साबण नव्हता, नव्या कृत्रिम डिटर्जंटचा शाम्पू होता. या फरकात आपल्या प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा आहे. साबण जड पाण्यात फुटतो, त्याचा पांढुरका चिकट साका केसांवर बसतो आणि केस मळकट दिसतात. मोशी-चिखलीकडे बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही, बादलीला चढणारा थर त्यांनी पाहिलेलाच असतो. डिटर्जंटचा शाम्पू असा साका सोडत नाही. त्यामुळे साबणावरून शाम्पूवर आलेल्यांना आपले केस उजळल्यासारखे वाटले. ते खोटं नव्हतं. पण केसाचा रंग बदललेला नव्हता, त्याच्यावरची साय निघाली होती.

आज शाम्पूचा हा सगळा इतिहास आपल्या दाराशी येऊन बसला आहे. 1909 मध्ये युजेन श्युलर या तरुण फ्रेंच रसायनतज्ज्ञाने केसांच्या रंगाच्या धंद्यातून जी कंपनी काढली, त्या लोरेआलचा कारखाना चाकणला आहे. तिथे शाम्पूही बनतात आणि केसांचे रंगही. ज्या शब्दाला घेऊन दीन मुहंमद पूर्वेकडून गेले, तो बाटलीत भरून पश्चिमेकडून परत आला आणि कांद्याच्या बाजाराच्या गावात उतरला.

तर उजळवणारा शाम्पू काम करतो का?

आईने आणलेल्या बाटलीसारख्या बाटल्यांमध्ये साधारण चार प्रकारच्या गोष्टी असतात. त्या एकेक बघू.

पहिली, साफ करणारी द्रव्यं. जड पाण्यातले क्षार आणि धातू केसांवर बसतात. लोखंडाने केस तपकिरी दिसतात. तांब्याने सोनेरी केसांवर चक्क हिरवी झाक येते, पोहण्याच्या तलावात जाणाऱ्या गोऱ्या मुलांची ही नेहमीची तक्रार आहे. हे धातू पकडून धुऊन नेणारे शाम्पू असतात आणि ते काम करतात. सोनेरी केस पुन्हा सोनेरी दिसू लागतात. पण जे होतं तेच दिसतं, नवं काही येत नाही.

दुसरी, जांभळा रंग. सोनेरी किंवा पांढरे केस पिवळट पडले, तर जांभळ्या शाम्पूने ते पांढरे भासतात. ही युक्ती आपल्या आयांना पाठ होती. पिवळट पडलेल्या पांढऱ्या कपड्याला त्या नीळ देत. निळीने कापडातला पिवळा निघत नाही, नजरेला तो झाकला जातो. दोन-चार धुण्यांत नीळ उतरते आणि पिवळा परत येतो. केसांचंही तेच.

तिसरी, कॅमोमाइल. सोनेरी केसांच्या शाम्पूवर हे पांढऱ्या पाकळ्यांचं फूल हमखास असतं. युनानी दुकानात ते आपल्याला 'बाबूना' या नावाने मिळतं. त्यात पिवळसर रंगद्रव्य असतं. फिक्या केसांवर त्याची हलकी पिवळी छटा बसते. म्हणजे बाबूना मेंदीच्या पंथातला, देणारा. उजळवणारा नव्हे.

चौथी, लिंबाचा अर्क किंवा अगदी थोडं पेरॉक्साइड. मुळात फिके असलेले केस याने, वारंवार वापरून आणि उन्हाची मदत घेऊन, थोडे उजळू शकतात. पण शाम्पू डोक्यावर टिकतो दोन मिनिटं, आणि कवच उघडायला लागणारा क्षार त्यात नसतो. म्हणून सोनेरी केसांवर फरक पडला तरी बारीक पडतो, आणि काळ्या केसांवर जवळजवळ पडतच नाही. फार तर उन्हात तांबूस झाक. आणि लिंबाचा रस लावून उन्हात बसणाऱ्यांची कातडी भाजल्यासारखी होते, हेही लक्षात ठेवावं.

थोडक्यात, ज्याचे केस आधीच सोनेरी आहेत त्याचे केस हा शाम्पू स्वच्छ आणि जरा जास्त सोनेरी दाखवतो. ज्याचे काळे आहेत त्याचे तो सोनेरी करत नाही.

हे वाक्य मी वहीत लिहिलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. वर्गात उडालेल्या हशाचं उत्तर त्यात होतं. त्या मुलीच्या केसांसारखा रंग कुठल्याच शाम्पूने आला नसता. एवढं मला माहीत असतं, तर मी तिला विचारलंच नसतं. पुढे तिच्या वडिलांकडून कळलं की त्यांच्या आईचे केसही असेच होते. ती रत्नागिरीकडची. कोकणातल्या आपल्या घरांत भुरे केस आणि घारे डोळे नवीन नाहीत, पण मला ते आठवले नाहीत. मला बैठक आठवली.

जी आम्ही विचारत नाही

शिक्षक म्हणून आणखी एक गोष्ट या निमित्ताने शिकलो. लहान मुलाचे मूळचे काळे केस तांबूस, फिके आणि विरळ होऊ लागले, तर ते कुपोषणाचं लक्षण असू शकतं. सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी आजच्या घानामध्ये काम करताना 1933 मध्ये अशा मुलांच्या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढे त्याचं क्वाशिओरकोर हे स्थानिक नावच जगभर रूढ झालं. आहारात प्रथिनं फार कमी पडली की केसात रंग पुरेसा भरत नाही. मध्ये काही महिने चांगलं खायला मिळालं, तर तेवढा भाग गडद वाढतो, आणि एकाच केसावर फिके-गडद पट्टे दिसतात. केस म्हणजे त्या घरातल्या चुलीची डायरीच.

आमच्या भागात बांधकामावर, वीटभट्टीवर कामाला आलेल्यांची मुलं शाळेत येतात. भुरे केस दिसले की "काय लावतेस?" असं विचारायची आम्हाला सवय. "काय खातेस?" हा प्रश्न मला इतक्या वर्षांच्या नोकरीत सुचला नव्हता. माझ्या विद्यार्थिनीच्या बाबतीत तसं काही नव्हतं, तिचे केस आजीचे होते. पण एखाद्याच्या बाबतीत असूही शकेल.

नकार देऊ शकलेली बाई

मुंबईच्या पडद्यावर एक सोनेरी केसांची बाई होऊन गेली. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात 1908 मध्ये जन्मलेली मेरी इव्हान्स, लहानपणीच मुंबईत आलेली. वाडिया बंधूंच्या 1935 च्या 'हंटरवाली'तून ती फिअरलेस नादिया म्हणून देशभर गाजली. सुरुवातीला जे. बी. एच. वाडियांनी तिला सुचवलं होतं की नाव नंदादेवी घ्यावं आणि लांब काळ्या वेण्यांचा टोप घालावा, म्हणजे प्रेक्षक तिला आपली मानतील. तिने नकार दिला. ती सोनेरी केसांसह घोड्यावर बसली, आगगाडीच्या टपावर लढली आणि प्रेक्षकांनी तिला आहे तशी आपली मानली.

नादियाला नकार देता आला. समोर मालक होता, पण तिचं वय पंचविशीच्या पुढचं होतं आणि मागे सर्कशीचा, रंगमंचाचा अनुभव होता. माझ्या समोर चौदा वर्षांची मुलगी होती, शाळेत नवीन आणि चाळीस पोरं हसत होती. तिनेही नकार दिलाच होता खरं तर. "जन्मापासून असेच आहेत," हा नकारच होता.

आईला दिलेलं उत्तर

तिच्या आईला मी बोलावून घेतलं आणि सांगितलं की हा शाम्पू लावू नका. काळा रंग आत जाऊन बसला आहे, तो धुण्याने निघणार नाही. काढायला सलूनमधलं तीव्र रसायन लागेल आणि आत्ता तिच्या कपाळाला ते सोसणार नाही. सुट्या काळ्या रंगांत आणि 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत पीपीडी नावाचं द्रव्य असतं, त्याची तिला बाधा झाली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एकदा बाधा झाली की पुढच्या वेळी ती जास्त जोरात होऊ शकते. म्हणून लग्नाकार्यात हातावरसुद्धा काळी मेंदी काढू देऊ नका, साधी हिरवी पानं वाटून लावा. आणि कोणालाही असा रंग लावायचाच असेल, तर आधी कानामागे थेंबभर लावून दोन दिवस वाट बघा.

"म्हणजे रंग परत येणारच नाही?" आईने विचारलं.

येईल, म्हटलं. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. वाढेल तो तिच्याच रंगाचा वाढेल. वाट बघावी लागेल.

बाटली आईने पिशवीत टाकली. "पौने दो सौ रुपये गए," एवढंच म्हणाली. त्या पुडीचे आणि दवाखान्याचे किती गेले, ते तिने सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात माझी चूक कबूल केली. आरोप भर वर्गात केला होता, तर माफीही तिथेच मागायला हवी होती. मुलं गप्प झाली. मागच्या बाकावरचा मुलगा खाली बघत होता. त्याला मी सांगितलं की हसण्याची चूक तुझी, पण सुरुवात मी केली होती. मग त्यांना प्लिनीचा साबण आणि कुर्तुबाचा खलीफा सांगितला. पाठ्यपुस्तकाचा तास गेला, पण शेवटी एकाने विचारलं, "सर, मग चौकातल्या दादांचे नारिंगी का होतात?" आणि आम्ही फळ्यावर केसाचं चित्र काढलं.

पुढच्या बैठकीत मी सुचवलं की केसांबद्दल काही वाटलं तर मुलाला वर्गात विचारायचं नाही, आधी घरी फोन करायचा. दोघांनी विरोध केला, शिस्त राहणार नाही म्हणाले. शेवटी ते मान्य झालं.

ती आता दहावीत आहे. पहिले काही महिने तिचा स्कार्फ भुवयांच्या खाली येत नव्हता एवढंच, कपाळ दिसायचं नाही. या जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा त्याच दोन बटा पुन्हा कपाळावर आलेल्या दिसल्या. मुळापासून चार बोटं सोनेरी, खाली टोकाला काळ्या. तिने त्या आत खोचल्या नाहीत. मी हजेरी घेतली आणि कविता शिकवायला सुरुवात केली.